पावसानंतर मुकं झालेलं ईसीएम: शोध, काढणं आणि परत बसवणं

शनिवार, ६ जुलै

रात्रभर धो धो पाऊस पडला. सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ नेहमीसारखा खणखणीत फिरला, पण इंजिनाने एकदाही उचल खाल्ली नाही. बॅटरी १२.५ व्होल्ट आहे, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरते. म्हणजे बॅटरी धडधाकट.

गाडी चौदा वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. कालपर्यंत तिची काहीही तक्रार नव्हती.

किल्ली ऑनवर नेली की मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद घूं असा आवाज येतो. आज तो आला नाही. मीटरमधला चेक इंजिनचा दिवा स्टार्ट करण्याआधी लागायलाच हवा, तोही अंधारात. स्कॅनर लावला तर एबीएस बोललं, एअरबॅग बोलली, इंजिनाकडून मात्र काहीच उत्तर नाही. एबीएसमध्ये यू०१०० हा कोड पडलेला होता. त्याचा अर्थ इतकाच की इंजिनाच्या मॉड्यूलशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाशी (ईसीएम), संपर्क तुटला.

धाकटा भाऊ शेजारी उभा होता. "ताई, ईसीएम गेलंय. दुसरं काय असणार?"

असेलही. पण ईसीएम गप्प आहे म्हणजे ईसीएम मेलं, असं होत नाही. त्याला करंट मिळत नसेल, अर्थ मिळत नसेल, किंवा एखाद्या सेन्सरने त्याची सेन्सरांना पुरवायची ५ व्होल्टची लाइन अर्थला टेकवून ठेवली असेल, तरी ते असंच गप्प बसतं. या तीनही शक्यता पुरत्या मोडीत निघाल्याशिवाय ईसीएमच्या डब्याला दोष द्यायचा नाही, असं आजच ठरवलं. डबा महाग, आणि तो बदलून दोष तसाच राहिला की माणूस पार खचतो.

रविवार, ७ जुलै

आधी सोपं ते. ईसीएमचे दोन्ही फ्यूज जागेवरच, टेस्ट लॅम्पने दोन्ही बाजूंनी तपासले. ठीक आहेत. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी बघून परत लावण्याची सवय चांगली नाही. तार शाबूत दिसते आणि पाय मात्र गंजलेला असतो.

मग ५ व्होल्टची लाइन. थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून तिथे मोजलं, ० व्होल्ट. एकेक सेन्सर सोडवत गेले: मॅप, कॅम, एसीचा प्रेशर सेन्सर. प्रत्येक वेळी परत मोजलं. आकडा ० वरून हलला नाही. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर तो सुटताच ५ व्होल्ट परत आले असते. तसं झालं नाही, म्हणजे दोष सेन्सरच्या मागे, वरच्या अंगाला आहे.

मग मेन रिले, म्हणजे ईसीएमच्या इशाऱ्यावर मुख्य करंट जोडणारा स्विच. वायरिंग डायग्राममध्ये रिलेच्या कॉइलचं एक टोक बॅटरीकडून येतं आणि दुसरं टोक ईसीएम अर्थला ओढतं. किल्ली ऑन केली की ईसीएम आधी थोड्याशा करंटवर जागं होतं, हे टोक ओढतं, रिले टक् करतो, आणि मग इंजेक्टर, कॉइल, सेन्सर या सगळ्यांना मुख्य करंट मिळतो. सॉकेटात एका टोकाला १२.५ व्होल्ट आहेत. दुसरं टोक कोणीच ओढत नाही. हे बघायला एलईडीचा टेस्टर वापरला. २१ वॉटचा बल्ब इथे लावला असता तर ईसीएमच्या आतल्या इवल्याशा ट्रान्झिस्टरवर पावणेदोन अँपिअरचा भार पडला असता. रिलेची कॉइल त्याच्या एक दशांशाच्या आसपास घेते.

शेवटी बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावतात त्या १६ पिनांच्या सॉकेटात ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला. या दोन म्हणजे कॅन लाइनच्या हाय आणि लो वायरी; गाडीतली मॉड्यूल याच लाइनवरून एकमेकांशी बोलतात. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, दोन्ही समांतर, म्हणून मीटरवर ६० दिसायला हवेत. ११९ दिसले. एक टोक तुटलेलं आहे. आणि आमच्या गाडीत एक रोधक ईसीएमच्या पोटातच आहे.

म्हणजे ईसीएमपर्यंत करंटही पोहोचत नाही आणि कॅनही नाही. एकाच वेळी दोन वेगवेगळ्या वायरी तुटतात कशा? दोघी एकाच कपलरमध्ये जातात. आता डबा शोधायला हवा.

शनिवार, १३ जुलै

ईसीएम कुठे असतं याला एकच उत्तर नाही. काही गाड्यांत बॅटरीशेजारी, काहींत पुढच्या प्रवाशाच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे, काहींत ग्लव्हबॉक्समागे, काहींत कार्पेटखाली किंवा सीटखाली. काही उत्पादक ते थेट इंजिनावर किंवा एअर फिल्टरच्या खोक्यावर बसवतात, म्हणजे हार्नेस (वायरींचा जुडगा) आखूड राहतो. आणि काहींत ते काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या खोलगट जागेत असतं. तिथे इंजिनाची धग लागत नाही आणि हार्नेसही फार लांब ओढावा लागत नाही.

भावाने ग्लव्हबॉक्स उतरवला. मागे काळा डबा, वायरींचा जुडगा, दोन कपलर. "सापडला!" म्हणून त्याने हात घातला, तो मी थांबवला. वायरी कुठे जातात ते आधी बघू म्हटलं. एक जुडगा दरवाजाकडे, एक छताकडे, एक मागच्या दिव्यांकडे. हे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे-दरवाजे सांभाळणारं. लेबलावरचा नंबर पार्ट लिस्टशी ताडून पाहिला, तसंच निघालं. त्याच्या बाजूने पिवळ्या कपलरची वायर जात होती. ती एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही. ग्लव्हबॉक्स परत बसवला.

डबा शोधायची खात्रीची वाट उलटी आहे. डब्यापासून नाही, इंजिनापासून निघायचं. चार इंजेक्टरांच्या वायरी, थ्रॉटल बॉडीची वायर, क्रँक सेन्सरची शिल्ड असलेली वायर, या सगळ्या जिथे एकत्र येतात तो जाड हार्नेस धरायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. आमचा हार्नेस इंजिनाच्या मागून वर चढला आणि काळ्या रबरी ग्रोमेटमधून वायपरखालच्या काउलमध्ये शिरला. डायग्रामच्या चित्रातही तीच जागा दाखवली आहे. पण चित्र बघून मान्य करणं आणि वायर बोटांनी चाचपत तिथवर पोहोचणं यात फरक आहे. वाटेत हार्नेस कुठे घासला आहे का, कुठे टेप सुटली आहे का, हेही त्यात तपासून होतं. कुठे काही नाही.

वायपरचे हात काढण्याआधी काचेवर दोन्ही ब्लेडच्या रेषेत कागदी टेप लावली. हात बसतो त्या दांड्यावर बारीक खाचा असतात, एक खाच इकडेतिकडे झाली की वायपर काचेच्या चौकटीवर आपटतो. नट सोडल्यावरही हात निघत नव्हता. चौदा वर्षं तो तिथे बसलेला. वर-खाली हलवत, थोडं गंजतेल सोडत अखेर निघाला. मग प्लास्टिकची काउल. तिच्या क्लिपा जुन्या आणि ठिसूळ, दोन तुटल्या.

काउल उचलली आणि उत्तर समोरच होतं. खालच्या खोलगट भागात कुजलेल्या पानांचा काळा, ओला थर, साधारण तीन बोटं जाड. पाणी जाण्याच्या रबरी तोंडात तोच थर बसलेला. ईसीएम त्या थरापासून वीतभर उंच एका पत्र्याच्या पट्टीवर उभं, आणि पट्टीच्या निम्म्यापर्यंत पाण्याची तपकिरी रेषा. काल-परवा इथे तळं साचलं होतं. रेषा डब्याच्या खालच्या कडेपर्यंत आली आहे, आणि दोन्ही कपलर खालच्याच कडेला आहेत.

पानं हाताने काढली. आज डब्याला हात लावला नाही. ओलसर जागेत घाईने कपलर उघडला असता तर उरलेलं पाणी पिनांत ओढलं गेलं असतं. रात्रभर सुकू दिलं.

रविवार, १४ जुलै

आज काढायचं. किल्ली बंद करून, गाडीबाहेर ठेवून पंधरा मिनिटं थांबले. किल्ली बंद झाल्यावरही ईसीएम लगेच झोपत नाही, थ्रॉटलची जागा लिहून ठेवण्यासारखी कामं उरकत असतं. त्यानंतर दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह. हा क्रम पाळायचाच: पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर बॅटरीचा पूर्ण करंट पान्यातून जातो. निगेटिव्ह आधी निघाली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही.

पट्टीला चार बोल्ट. दोन साधे, लगेच सुटले. दोघांचं डोकं गोल, शंकूसारखं, पाना धरायला कडाच नाही. हे चोरीविरोधी बोल्ट. कारखान्यात घट्ट करताना डोकं तुटून पडतं आणि मागे हा गुळगुळीत भाग उरतो. एक लॉक प्लायरच्या पकडीत आला आणि अर्धा अर्धा वळसा घेत निघाला. दुसरा भिंतीला चिकटून, पकड बसेना. त्याच्या डोक्यात छोट्या कटिंग चाकाने खाच पाडावी लागली.

इथे एक गोष्ट मुद्दाम केली. खाच पाडेपर्यंत दोन्ही कपलर ईसीएमला लावलेलेच ठेवले. मोह होतो की आधी कपलर काढावेत आणि मोकळी जागा करून घ्यावी. पण लोखंडाचा बारीक चुरा उघड्या पिनांत शिरला तर तो दिसतही नाही आणि नंतर दोन पिनांत पूल बांधून बसतो. कपलर बंद, वरून ओलं कापड, आणि चुरा व्हॅक्यूमने ओढून घेतला. मगच खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर बसवून बोल्ट फिरवला.

आता कपलर. प्रत्येकावर एक आडवी दांडी आहे, तिच्या टोकाला छोटा लाल खटका. खटका सरकवायचा, दांडी उभी करायची, आणि दांडी वर येता येता कपलर आपोआप सरळ उठतो. वायरी धरून ओढायचं कामच नाही. पहिला कपलर लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. आत पिना सोनेरी, कोरड्या, जशा कारखान्यातून आल्या असाव्यात.

दुसऱ्याची दांडी अर्ध्यावर अडली. जोर लावला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर सोडला, दहा मिनिटं थांबले, दांडी थोडी मागे नेली, परत पुढे. चौथ्या-पाचव्या खेपेला किर्र असा आवाज करत ती उभी राहिली.

कपलर उलटा केला. खालच्या रांगेच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट निळी भुकटी, फोडणीतल्या हिंगासारखी नाही तर मोरचुदासारखी कडक, दाणेदार. पेन्सिलीच्या टोकाने हलवली तर एका टर्मिनलचा निम्मा भाग तिच्याबरोबर खाली पडला. डायग्राम उघडला: हा बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट. शेजारचा अर्थ, काळा पडलेला पण अखंड. त्याच्यावरचा कॅन हाय, हिरवा.

कायमचा १२ व्होल्टच का जास्त खाल्ला गेला, याचं उत्तर शाळेतल्या प्रयोगाइतकं साधं आहे. ओल्या जागेत शेजारी शेजारी एक पिन १२ व्होल्टवर आणि दुसरी अर्थवर असेल तर मधलं पाणी करंट वाहून नेतं, आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं. किल्लीने बंद होणाऱ्या लाइनवर हे गाडी चालू असतानाच होतं. कायमच्या लाइनवर रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही. एका रात्रीच्या पावसाने हे केलेलं नाही. कित्येक पावसाळे हे चाललेलं होतं, परवा फक्त शेवटचा धागा तुटला.

डबा हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडली आणि मगच पिनांकडे बघितलं. डब्याच्या बाजूच्या तीन पिनांवर हिरवा थर आहे, पण खालचा धातू शाबूत. डबा हलवला, आत पाण्याचा आवाज नाही. वास घेतला, जळका नाही. कडेने फिरलेला सीलंट अखंड आहे. डबा उघडायचा नाही असं ठरवलं. कारखान्याचं सील एकदा कापलं की तसं परत बसत नाही, आणि पाणी शिरण्याची नवी वाट आपणच तयार करतो.

लेबलाचा फोटो काढला: हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही. भाऊ म्हणाला, "समजा हे गेलंच असेल, तर जुन्या गाडीतलं तसंच आणून लावू की." हार्डवेअर नंबर जुळला तरी गाडी चालणार नाही. किल्लीतल्या चिपचा संकेत ईसीएमच्या मेमरीत लिहिलेला असतो. दुसऱ्या गाडीचं ईसीएम आमच्या किल्लीला ओळखणार नाही, दोन सेकंद चालून बंद पडेल किंवा चालणारच नाही. त्यासाठी जुन्या डब्यातली माहिती नव्यात उतरवावी लागते. म्हणूनच हा डबा, मेलेला निघाला तरी, फेकायचा नाही.

शनिवार, २० जुलै

टर्मिनल आले. मापाचे तेच, मुलामाही तोच. सोन्याच्या मुलाम्याच्या पिनेला कथलाचं टर्मिनल जोडलं तर दोन वेगळ्या धातूंत परत गंज सुरू होतो.

डब्याच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने साफ केल्या. चार वेळा, दरवेळी नवीन अल्कोहोल. सँडपेपर अजिबात नाही. त्याने हिरवं जातं आणि त्याबरोबर मुलामाही जातो.

कपलरमधून टर्मिनल काढायला आधी बाजूची दुय्यम कुलूपपट्टी सरकवायची, मग पातळ एक्स्ट्रॅक्टरने आतली जीभ दाबायची. पट्टी विसरून ओढलं तर प्लास्टिकची जीभ तुटते आणि तो खण कायमचा निकामी. तीनही टर्मिनल काढले. कायमच्या १२ व्होल्टची वायर सोलली तर तांबं काळं. आणखी सोललं, तरी काळं. पाणी तारांच्या धाग्यांमधून केशाकर्षणाने वर चढलेलं. सात सेंटिमीटरवर लखलखीत तांबं लागलं, तिथे कापली. त्याच जाडीची नवी वायर, क्रिंपचा जोड, आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. बाकी दोन वायरी दोन सेंटिमीटरवरच चांगल्या निघाल्या, तिथे जोडाची गरज पडली नाही.

बसवण्याआधी एक चाचणी, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची. बॅटरी जोडली, ईसीएम अजून बाहेर. कपलरमधल्या १२ व्होल्टच्या आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये २१ वॉटचा बल्ब लावला, मापाच्या नव्या पिना टोकाला जोडून, म्हणजे टर्मिनल फाकणार नाहीत. मल्टिमीटर एका धाग्यातूनही १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब ओढतो. बल्ब भक्क पेटला. त्याच वेळी बॅटरीची निगेटिव्ह आणि कपलरचा अर्थ यांच्यामध्ये मोजलं: ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत हवं होतं. बल्बची चाचणी फक्त करंटच्या आणि अर्थच्या खणांवर करायची, सिग्नलच्या खणांत कधीच नाही.

रविवार, २१ जुलै

बॅटरी परत सोडली. कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवला, टर्मिनलमध्ये ठासलं नाही. कपलर बसवून दांडी आडवी केली, लाल खटका टक् झाला. ओबीडीच्या ६ आणि १४ मध्ये रोध मोजला: ६०.

त्या आकड्याकडे आम्ही दोघंही थोडा वेळ नुसते बघत राहिलो.

आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. किल्ली ऑन. रिले टक्. मागून पंपाचा घूं. चेक इंजिनचा दिवा लागला. पहिल्या सेल्फला इंजिन चालू झालं, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) मिनिटाला ११०० फेऱ्यांच्या आसपास वर-खाली होत राहिला. बॅटरी दोन आठवडे अधूनमधून सुटलेली, थ्रॉटलची शिकलेली जागा पुसली गेली होती. एसी बंद, दिवे बंद, इंजिन गरम होईपर्यंत तसंच चालू ठेवलं. पंखा दुसऱ्यांदा चालू होऊन बंद झाला तोवर काटा ७५० वर स्थिर.

स्कॅनर: इंजिन बोललं. इतर मॉड्यूलमधले यू०१०० पुसले, परत आले नाहीत. पॉवर विंडोची वर-खालीची हद्द परत शिकवावी लागली.

चोरीविरोधी बोल्टांच्या जागी साधे षटकोनी लावले. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला खाच पाडावी लागू नये. काउलची दोन्ही गटारं साफ करून प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतलं, चाकामागे धार पडली. वायपर टेपच्या रेषेवर बसवले.

रविवार, २८ जुलै

आठवड्यात तीन वेळा जोराचा पाऊस झाला. आज काउलची कड उचलून टॉर्च मारला. तळ ओला आहे, पाणी साचलेलं नाही. पट्टीवरच्या जुन्या तपकिरी रेषेच्या वर नवी रेषा नाही. स्कॅनरवर सगळे मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या) पूर्ण, कोड शून्य. काउलखालची पानं काढायची तारीख भावाने सर्व्हिसच्या वहीत लिहिली: दरवर्षी मे संपायच्या आत.